अकोल्याच्या सरळ उत्तरेला

कझाकस्तानसारखा अवाढव्य आणि अनोळखी देश टूर कंपनीशिवाय बघायचा, तर वऱ्हाडातल्या माणसानं आखणी कुठून सुरू करावी?

नकाशात अकोल्यावर बोट ठेवा आणि इकडेतिकडे न ढळता सरळ उत्तरेला न्या. मेळघाट ओलांडला की भोपाळ थोडं उजवीकडे राहतं, पुढे दिल्लीचा पश्चिम काठ लागतो, मग हिमाचल, लडाख, काराकोरम, चीनमधल्या तकलामकान वाळवंटाची कड आणि तिएनशान पर्वत. तो पर्वत उतरलं की पायथ्याशी एक मोठं शहर आहे, अल्माटी. अकोला आणि अल्माटी दोन्ही साधारण ७७ अंश पूर्व रेखांशावर आहेत. सरळ रेषेत मोजलं तर मधलं अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर. घड्याळसुद्धा फक्त अर्धा तास मागे घ्यावं लागतं, कारण १ मार्च २०२४ पासून अख्ख्या कझाकस्ताननं एकच प्रमाणवेळ स्वीकारली आहे.

तरीही या देशाची आपल्याकडची ओळख एवढीच, की ‘तिकडे पोरं एमबीबीएसला जातात’. अलीकडे त्यात मोबाइलवर दिसणाऱ्या बर्फाच्या रील्सची भर पडली. टूर कंपन्या चार-पाच दिवसांत अल्माटी आणि आसपासचे डोंगर दाखवून परत आणतात. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या वयस्कर मंडळींसाठी तेच सोयीचं आहे. पण ज्याला रेल्वेतून गवताळ माळ बघायचा आहे, खेड्यातल्या घरी मुक्काम करायचा आहे, आवडलेल्या गावात एक दिवस जास्त थांबायचं आहे, त्याला पॅकेजचा उपयोग नाही. त्यानं वही-पेन घेऊन स्वतःच बसावं.

असं अनोळखी मुलुखात जाणं वऱ्हाडाला नवंही नाही. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरलं, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. शेजारच्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे थेट मेक्सिकोत पोहोचले आणि तिथल्या मक्याच्या संशोधनात नाव काढून बसले. स्वतः आखून भटकण्याची वाट मराठी वाचकाला दाखवली ती मीना प्रभूंनी. २०२५ मध्ये त्या गेल्या. पण ‘चिनी माती’, ‘दक्षिणरंग’, ‘गाथा इराणी’ ही त्यांची पुस्तकं जिल्हा ग्रंथालयांत आजही हातोहात फिरतात. चीन, दक्षिण अमेरिका, इराण हे सगळेच मुलूख मोठे आणि एका दमात न आवरणारे.

आधी अंतर, मग ठिकाणं

कझाकस्तानचं क्षेत्रफळ सुमारे २७ लाख २५ हजार चौरस किलोमीटर. जगात नववा क्रमांक. त्यात जवळपास नऊ महाराष्ट्र मावतील. लोकसंख्या मात्र दोन कोटींच्या आसपास, म्हणजे चौरस किलोमीटरमागे सात माणसं. अमरावती जिल्ह्यात हाच आकडा २०११ च्या जनगणनेत २३७ होता. याचा प्रवाशासाठीचा अर्थ सरळ आहे: दोन शहरांच्या मधे तासन् तास काहीच लागत नाही. ना चहाची टपरी, ना पेट्रोल पंप, ना ‘पुढच्या गावी थांबू’ म्हणण्याची सोय.

एक हिशेब करून पाहा. दिल्ली ते अल्माटी हवाई अंतर सुमारे १६०० किलोमीटर. अल्माटी ते त्याच देशाच्या पश्चिम टोकाचं अक्ताऊ हे कॅस्पियन समुद्रकाठचं शहर, सरळ रेषेतच दोन हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे भारतातून या देशात शिरणं सोपं, पण या टोकाकडून त्या टोकाला जाणं कठीण. इंटरनेटवरची ‘दहा प्रेक्षणीय स्थळं’ वाचून जो आखणी करतो, तो इथंच फसतो. त्या दहातली दोन ठिकाणं एकमेकांपासून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर असतात.

शेगावची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा मुक्काम आधी ठरलेले असतात आणि बाकी सगळं त्या मुक्कामांत बसवलं जातं. मोठ्या देशाची आखणी याच रीतीनं करावी. कागदावर आधी रात्री लिहाव्यात: कुठल्या गावी किती. मग दोन गावांमधलं अंतर आणि लागणारे तास. प्रेक्षणीय स्थळं शेवटी. ज्या दिवशी प्रवास सहा तासांहून जास्त, त्या दिवशी दुसरं काहीही धरायचं नाही.

कोपरा कोणता निवडायचा?

ढोबळमानानं या देशाचे चार भाग पडतात. एका खेपेला एक भाग, फार तर दीड, एवढंच झेपतं.

पहिला, आग्नेयेकडचा अल्माटीचा भाग. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हाच घ्यावा. १९९७ पर्यंत अल्माटी राजधानी होती. शहराच्या डोक्यावरच पर्वत आहे. मेदेऊचं स्केटिंगचं मैदान १६९१ मीटरवर आहे आणि तिथून वर शिम्बुलाकचे पाळणे ३२०० मीटरपर्यंत नेतात. चिखलदऱ्याच्या जवळपास तिप्पट उंची, त्यामुळे धाप लागणार हे धरून चाला. शहरातलं १९०७ मध्ये पुरं झालेलं लाकडी कॅथेड्रल १९११ च्या मोठ्या भूकंपातही उभं राहिलं. त्याच भूकंपानं डोंगर कोसळून दरी अडली आणि काइंडी तलाव तयार झाला. पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे त्यातून आजही सरळ वर आलेले दिसतात. शहरापासून दोनशे किलोमीटरवर चारिन नदीची खोल घळ, आणखी शंभरेक किलोमीटरवर कोलसाई तलाव, तिथं साती नावाच्या खेड्यात घरगुती मुक्कामाची सोय. आणखी एक गोष्ट: आज जगभर खाल्लं जाणारं सफरचंद मुळात याच डोंगरांतल्या रानटी जातीपासून आलं. निकोलाय वाविलोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं १९२९ मध्ये इथं येऊन ते ओळखलं होतं.

दुसरा, दक्षिणेकडचा भाग: श्यमकेंत आणि तुर्कस्तान शहर. तुर्कस्तानात सूफी संत ख्वाजा अहमद यसवी यांची समाधी आहे. तैमूरनं ती बांधायला घेतली, १४०५ मध्ये तो मेला आणि दर्शनी भाग अपुराच राहिला. २००३ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. याच पट्ट्यात वायव्येला सरकत गेलं की बायकोनूर आणि अरल समुद्र.

बायकोनूरहूनच ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अंतराळात गेले. तिथला अंतराळतळ रशियाकडे भाड्यानं आहे. आत जायला बरंच आधी परवानगी काढावी लागते आणि तीही मान्यताप्राप्त एजन्सीमार्फतच, त्यामुळे स्वतंत्र प्रवाशानं पहिल्या खेपेला त्याचा नाद सोडावा.

अरलचं मात्र वऱ्हाडी माणसाला वेगळं अप्रूप वाटावं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिथला कापूस अडला. मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारपेठा वाढल्या, आणि १८७० च्या सुमारास खामगाव व अमरावतीला रेल्वेचे फाटे आले ते कापसाच्या गाठींसाठीच. त्याच टंचाईनं रशियन गिरण्यांचं लक्ष मध्य आशियाकडे गेलं. पुढे रशियानं आणि नंतर सोव्हिएत सरकारनं तिथं कापसाचा पट्टा पसरवला. फरक पाण्याचा पडला. आपला कापूस पावसावर राहिला. त्यांनी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या वळवल्या, आणि १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. बंदरं पाण्यापासून दूर कोरड्यात पडली, तळाचं मीठ वाऱ्यावर उडू लागलं. २००५ मध्ये कझाकस्ताननं कोकअरल धरण बांधून उत्तरेकडचा लहान तुकडा वाचवला. तिथं पाणी चढलं, मासे परतले. आपल्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा निसर्गानंच खारा आहे, पण खाऱ्या मातीचं दुखणं ज्याला ठाऊक आहे, त्याला अराल्स्क गावात उभं राहिल्यावर कुणी समजावून सांगावं लागणार नाही. एवढं मात्र लक्षात घ्या, की अराल्स्कला जाऊन-येऊन चार दिवस जातात.

तिसरा भाग उत्तरेचा, राजधानी अस्ताना. माळावर उभारलेलं नवं शहर, उंच काचेच्या इमारती, रुंद रस्ते. २०१९ मध्ये त्याचं नाव नूरसुलतान केलं आणि २०२२ मध्ये परत अस्ताना झालं, म्हणून जुन्या तिकिटांवर आणि नकाशांवर दोन्ही नावं दिसतील. चौथा भाग पश्चिमेचा मंगिस्ताऊ. पांढऱ्या चुनखडीचे कडे, जमिनीखालच्या मशिदी, आणि रस्ता म्हणावा असं फारसं काही नाही. तिथं चारचाकी गाडी आणि जाणता चालक घेतल्याशिवाय जाऊ नये.

सुट्टी आपली, हंगाम तिथला

समुद्र दूर असल्यानं तिथलं हवामान टोकाचं आहे. अस्ताना जगातल्या सर्वांत थंड राजधान्यांपैकी एक, हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो. दक्षिणेत उन्हाळ्यात चाळिशी गाठली जाते, पण अकोल्याचा मे काढलेल्याला त्याचं काय! आपली खरी परीक्षा थंडीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा मोह होतो, पण तोवर डोंगरातले रस्ते बंद व्हायला लागलेले असतात आणि पहिल्या खेपेच्या प्रवाशाला तो काळ चांगला नाही.

इथं विदर्भाचा एक फायदा आहे. उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पुण्या-मुंबईचे लोक शाळेच्या गडबडीत असतात तेव्हा नोकरदार वऱ्हाडी कुटुंबाच्या हाती जूनचे पहिले तीन आठवडे असतात, आणि कोलसाईच्या डोंगरांसाठी तेच उत्तम. शेतीवाल्या घरांना मृगाची पेरणी सोडता येत नाही. त्यांनी एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला पंधरवडा धरावा. तेव्हा माळावर रानटी ट्युलिप फुललेले असतात, मात्र उंचावरच्या तलावांकडे बर्फ असू शकतं. घरात शाळकरी मुलं नसतील तर सप्टेंबर सगळ्यात सुखाचा.

कागदपत्रं

पासपोर्टसाठी आता नागपूरच्या चकरा माराव्या लागत नाहीत. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे टपाल कार्यालयातच सेवा केंद्र आहे. प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी.

जुलै २०२२ पासून भारतीय पर्यटकांना कझाकस्तानात व्हिसा लागत नाही. एका खेपेला १४ दिवस, आणि १८० दिवसांत मिळून ४२ दिवस. ही मुदत ताणायची नाही. म्हणून आखणी बारा दिवसांची करा आणि दोन दिवस हातचे ठेवा. परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग आणि प्रवास विमा यांच्या छापील प्रती जवळ असू द्या, विमानतळावर विचारतात.

एक नियम बहुतेकांना ठाऊक नसतो. पाहुणा आल्याचं मुक्काम देणाऱ्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत तिथल्या स्थलांतर खात्याला कळवावं लागतं. हॉटेलं ते आपसूक करतात. घरगुती मुक्कामात मात्र पहिल्याच संध्याकाळी यजमानाला विचारून घ्या. चीनच्या सीमेलगतच्या काही भागांसाठी वेगळा परवाना लागतो. आणि किर्गिझस्तान जवळच आहे म्हणून ‘एक दिवस तिकडेही जाऊन येऊ’ असा बेत करू नका. त्याचा व्हिसा वेगळा आहे, आणि वेळ जातो तो याच तुमच्या दिवसांतून.

बडनेऱ्यापासून अल्माटीपर्यंत

अल्माटीची विमानं दिल्लीहून साधारण तीन-साडेतीन तासांत पोहोचतात. पण हा मार्ग राजकारणावर हलतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा इंडिगोला दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणं थांबवावी लागली. कझाकस्तानच्या एअर अस्तानाला ती अडचण नव्हती. तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या महिन्यात थेट विमान कुणाचं आणि कुठून आहे, हे बघूनच दिल्ली की मुंबई ते ठरवा.

बडनेरा किंवा अकोल्याहून रेल्वेनं मुंबई एका रात्रीवर आहे. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमानही सुरू झालं, पण ते रोजचं आहे असं गृहीत धरू नका. दिल्लीसाठी नागपूर गाठावं. कुठूनही निघा, आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोहोचा. रेल्वे चार तास उशिरा आली तर विमान कंपनी पैसे परत करत नाही.

तिथं फिरताना

लांबच्या पल्ल्याला तिथंही रेल्वेच खरी. आपल्यासारखाच डब्यांचा हिशेब असतो: ‘कुपे’ म्हणजे चार बर्थची बंद खोली आणि ‘प्लात्स्कार्त’ म्हणजे आपल्या स्लीपरसारखा मोकळा डबा. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा मोठा बंब असतो, त्यावर चहा आणि झटपट उपमा दोन्ही होतं. तिकिटं ऑनलाइन मिळतात, नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा. अल्माटीत दोन स्थानकं आहेत. ‘अल्माटी-२’ शहरात आणि ‘अल्माटी-१’ बरंच उत्तरेला. तिकिटावर कोणतं आहे ते बघितलं नाही तर गाडी हमखास चुकते.

डोंगराकडे जायला चालकासह गाडी चौघांनी मिळून घेतली तर परवडते. काइंडीचा शेवटचा रस्ता खडबडीत आहे, उंच गाडी लागते. तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात. एमएच-२७ किंवा एमएच-३० वर हात बसलेल्यानं आंतरराष्ट्रीय परवाना काढला तरी पहिल्या खेपेला गाडी चालवण्याची हौस करू नये.

इंग्रजी कमी चालते. पाट्या सिरिलिक लिपीत असतात. ती लिपी आठवड्याभरात वाचता येते, आणि ती आली की स्थानक, बस, औषधाचं दुकान सगळं उलगडतं. निघण्यापूर्वी करण्यासारखा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा अभ्यास हाच. टॅक्सीसाठी यांडेक्सचं अॅप आणि नकाशासाठी टू-जीआयएस तिथं सर्रास वापरतात.

पोटाची आणि पैशांची सोय

कझाकांचं मुख्य अन्न मांस. घोड्याचं मांस मानाचं, आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस हे पाहुण्याला आवर्जून देतात. मांसाहारी माणसाला तिथं चंगळ आहे. शाकाहाऱ्याला अडचण आहे, उपासमार नाही. ‘ब्येझ म्यासा’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. तरी सूपमधलं पाणी मटणाचं असू शकतं, तेव्हा तेही विचारा. तंदुरातली नान, दही, ताजी फळं सगळीकडे मिळतात. अल्माटीच्या ग्रीन बाजारात कोरियन सॅलडांच्या रांगा आहेत: गाजर, कोबी, वांगी, सगळं तिखट-आंबट. १९३७ मध्ये स्टालिननं रशियाच्या पूर्व टोकाच्या कोरियन लोकांना इथं हुसकावून आणलं, त्यांच्या स्वयंपाकघरातून हे पदार्थ आले. ठेचा खाणाऱ्या जिभेला ते लगेच आपलेसे वाटतात. चहा दूध घालून पितात, ही आणखी एक जमेची बाजू. घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि चिवडा न्यावा. साती गावात तोच कामी येतो.

चलन टेंगे. अलीकडे एका रुपयाला साधारण पाच ते सहा टेंगे मिळतात. इथून डॉलर न्यावेत आणि तिथल्या शहरात बदलून घ्यावेत. शहरात कार्ड चालतं. खेड्यात रोख लागते, कारण तिथले लोक स्थानिक बँकेच्या अॅपवर व्यवहार करतात आणि ते आपल्याकडे नसतं. शहर सोडण्यापूर्वी पुरेशी रोख घेणं हा नियमच करा.

एक नमुना आखणी

बारा दिवसांसाठी हे बसतं. पहिले तीन दिवस अल्माटी: पहिला आरामाचा, दुसरा शहराचा, तिसरा मेदेऊ आणि शिम्बुलाकचा. चौथ्या दिवशी चारिनमार्गे साती. पाचवा कोलसाईला, सहावा काइंडीला, सातव्या दिवशी अल्माटीत परत. आठव्याचा दिवस कपडे धुण्याला आणि झोपेला, रात्री तुर्कस्तानची रेल्वे. नववा आणि दहावा दिवस समाधी आणि जुनं शहर. अकराव्या दिवशी श्यमकेंतहून विमानानं अल्माटी. बारावा मोकळा, कारण कुठंतरी एक दिवस उशीर होणारच. यात अस्ताना, अरल, मंगिस्ताऊ काहीच नाही, आणि ते मुद्दाम गाळलं आहे.

मोठ्या देशाची आखणी म्हणजे सोडून द्यायच्या ठिकाणांची यादी. ती ज्याला मन मोठं करून करता आली, त्याची सहल सुखाची होते. सगळं बघायला निघालेला माणूस खिडकीतून माळ बघत परत येतो. आणि हा हिशेब कझाकस्तानापुरता नाही. मंगोलिया असो, अर्जेंटिना असो की अल्जीरिया, क्रम तोच: अंतर, हंगाम, मुक्काम, कागद, पोट, पैसे.

येत्या जूनमध्ये जायचं मनात असेल तर पासपोर्टची मुदत आजच काढून बघा. मुदत संपत आली असेल तर उद्याच टपाल कार्यालयाची वेळ घ्या. बाकीची आखणी त्यानंतर रोज रात्री अर्धा तास बसून महिनाभरात होते.